ऐकू येतंय गं, पण कळत नाही!

आषाढी जवळ आली की आम्हा पंढरपूरकरांना आपलं घर आठ-दहा दिवस विसरावं लागतं. माजघर एका दिंडीला, वरची खोली दुसऱ्या दिंडीला, आणि ओसरीवर ज्याला जागा मिळेल त्याने पथारी टाकायची. टाळ-मृदंग, हरिपाठ, फेरीवाल्यांच्या आरोळ्या, पोलिसांच्या शिट्ट्या हे सगळं तर असतंच, पण त्याहीपेक्षा अखंड चालू असतात त्या कर्ण्यावरून दिल्या जाणाऱ्या हाका. अमुक गावच्या तमुक आजी, तुमची माणसं तुमची वाट बघत आहेत, जिथे असाल तिथून पोलीस चौकीजवळ या... सुरुवातीला जीव कालवतो. मग इतकी सवय होते की त्या हाका कानावर पडतात आणि तशाच निघून जातात.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दशमीचा दिवस. सकाळपासून आमच्या ओट्यावर एक आजी बसून होत्या. डोक्यावर पदर, गळ्यात माळ, शेजारी गाठोडं. मी चहा दिला, त्या हसल्या. "कुठल्या दिंडीच्या?" विचारलं, तर मान हलवली. "एकट्याच आलात?" पुन्हा मान हलवली. मला वाटलं, दमल्या असतील, नसेल बोलायचं. दुपारी भाकरी घेऊन गेले तेव्हा मात्र मी त्यांच्यासमोर पायरीवर बसले आणि सावकाश विचारलं, "गाव कोणतं, आजी?" त्यांनी परभणीकडच्या एका गावाचं नाव सांगितलं आणि माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. सकाळी दहापासून कर्ण्यावरून त्याच गावाचं नाव पुकारत होते! आणि तो कर्णा आमच्या ओट्यापासून तीस पावलांवर.

"अहो आजी, सकाळपासून तुम्हालाच हाका मारतायत!"

आजी माझ्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, "आवाज येतोय गं माय, पण काय म्हनतेत ते कळंना."

त्यांचा मुलगा चौकीपाशी सापडला. रडवेला झाला होता बिचारा. आजी गेल्या, पण ते वाक्य माझ्याकडेच राहिलं. कारण तेच वाक्य, अगदी त्याच शब्दांत, मी माझ्या घरात कितीदा तरी ऐकलं होतं आणि दर वेळी मनात म्हटलं होतं, सोंग आहे नुसतं!

आमच्या सासूबाईंचं वय तेव्हा एकाहत्तर. आमचं प्रासादिक वस्तूंचं दुकान आहे. बुक्का, अष्टगंध, तुळशीच्या माळा, चुरमुरे. लग्न होऊन आले तेव्हा गल्ल्यावर त्याच बसायच्या. हिशेब तोंडपाठ, गिऱ्हाईक तोंडपाठ. कार्तिकातला काकडा त्यांनी कधी चुकवला नाही, कीर्तन तर नाहीच नाही. मग हळूहळू काय झालं कुणास ठाऊक, त्या कीर्तनाला जाईनाशा झाल्या. "आता पूर्वीसारखे कीर्तनकार राहिले नाहीत" म्हणायच्या. नातीने हाक मारली तर ओ द्यायच्या नाहीत. माणसं जमली की उठून आत जायच्या. एकदा दुकानात एका गिऱ्हाइकाने बुक्क्याच्या साठ पुड्या मागितल्या, ह्यांनी आठ मोजून दिल्या. तो हसला, आणि आमचे हे सगळ्यांसमोर म्हणाले, "आई, लक्ष कुठे असतं गं तुझं?" त्या दिवशी त्या गल्ल्यावरून उठल्या त्या पुन्हा बसल्या नाहीत. 

आणि मैत्रिणींनो, माझ्या मनात सलत होतं ते वेगळंच. मुलगा बोलला की त्यांना ऐकू यायचं. मी बोलले की नाही! मी स्वयंपाकघरातून दहा वेळा विचारावं, उत्तर नाही. ह्यांनी दारातून एकदा विचारावं, लगेच उत्तर. आता याचा अर्थ कोणतीही सून काय काढेल, ते तुम्हीच सांगा.

आजी गेल्यानंतरच्या आठवड्यात मी सासूबाईंना घेऊन सोलापूर गाठलं. जाताना एसटीत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. 'मला बहिरी ठरवायला निघालीय' हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. तिथे त्यांना एका बंद खोलीत बसवून कानाला हेडफोन लावले. आवाज आला की बटण दाबायचं, इतकंच. बाहेर आल्यावर ऑडिओलॉजिस्ट बाईंनी माझ्यापुढे एक आलेख ठेवला. डावीकडे रेघ ठीकठाक, मग उजवीकडे उतरत उतरत पार खाली. थेट चंद्रभागेच्या घाटाच्या पायऱ्या!

त्यांनी समजावून सांगितलं ते तसं सोपं होतं. आपल्या आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी वळलेली एक नळी असते, जेमतेम अडीच वेढ्यांची. तिच्यात सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात. नदीच्या पाण्याखाली शेवाळ हलतं तशा त्या आवाजाने हलतात आणि मेंदूला निरोप धाडतात. शंखाच्या तोंडाशी बारीक, वरच्या पट्टीतले आवाज टिपले जातात, आत टोकाशी जाड, खालच्या पट्टीतले. (बुडापेस्टमध्ये जन्मलेल्या जॉर्ज फॉन बेकेशी यांना आतल्या कानात आवाजाची लाट कशी जाते हे शोधून काढल्याबद्दल १९६१ मध्ये नोबेल मिळालं.) वयाने किंवा गोंगाटाने झीज होते ती बहुधा आधी तोंडाशी. म्हणजे बारीक आवाज आधी जातात. आणि आपल्या बोलण्यात बारीक काय असतं? स, श, फ, थ, ख. जाड काय? आ, ओ, ऊ हे स्वर. त्यामुळे माणसाला बोलण्याचा आवाज पुरेपूर ऐकू येतो, पण शब्दाचं तोंडच कापलेलं असतं. 'साठ'मधला 'स' गेला की उरतं 'आठ'.

मी मटकन खाली बसले. त्या दिवशी दुकानात सासूबाईंचं लक्ष अगदी जागेवर होतं. त्यांना जे ऐकू आलं ते त्यांनी मोजून दिलं होतं!

आणि मुलाचं ऐकू येतं, सुनेचं येत नाही, याचंही उत्तर त्याच कागदावर होतं. पुरुषाचा आवाज खालच्या पट्टीतला. बाईचा आणि लहान मुलांचा वरच्या. सून आणि नात, दोघी नेमक्या त्या तुटलेल्या पायऱ्यांवर उभ्या. अकरा वर्षं मी ज्याला सासूपणा समजले, तो शंखाच्या तोंडाशी झालेला पेशींचा ऱ्हास होता. किती घरांत हे असंच चाललं असेल, असं वाटून गेलं.

मग मी ओरडून बोलले तर? तेही चालत नाही म्हणे. ओरडलं की आपले स्वरच मोठे होतात, बारीक व्यंजनं तिथेच राहतात. शिवाय अशा कानाला मोठा आवाज एकदम बोचतो. म्हणूनच म्हातारी माणसं आधी "मोठ्यानं बोल" म्हणतात आणि मग "ओरडतेस कशाला?" म्हणून चिडतात. त्यापेक्षा समोर यावं, उजेडात उभं राहावं, सावकाश बोलावं. माझी पायरीवरची बैठक मला आठवली. आजींना तेव्हाच कसं कळलं होतं, ते आत्ता कळलं.

घरी येताना एसटीत मला आणखी एक माणूस आठवत होता. माझे वडील. माहेर माझं सोलापूरचं, वडील गिरणीत साचाखात्यात. घरात ते बोलायला लागले की सगळी गल्ली ऐकायची. आम्ही बहिणी त्यांना टरकून असायचो, 'बाबा कायम रागावलेले' असंच धरून चाललो होतो. साचाखात्यात शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागतं, नाहीतर ओठांवरून ओळखावं लागतं. मागांचा आवाज नव्वद डेसिबलच्या वर सहज जातो. आठ तास नव्वद, ही तर आपल्या कारखान्यांच्या नियमांतली कमाल मर्यादा आहे. गोंगाटाने येणारं बहिरेपण सरकारला कळवण्याच्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे, हे मला चाळिशीनंतर कळलं. वडिलांना तर कधीच कळलं नाही. गिरणी बंद पडली, पुढे ते गेले. आता सोलापुरात घराघरांच्या मागे यंत्रमागांच्या शेड आहेत. तिथे किती जणांचे कान तपासले जात असतील, देव जाणे. 

या केशपेशींचं एक वाईट असतं. एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. पण कोंबडीत उगवतात! १९८७-८८ च्या सुमाराला अमेरिकेतल्या संशोधकांनी हे पाहिलं तेव्हा सगळे चकित झाले होते. पक्ष्याला जमतं ते आपल्याला का जमू नये, म्हणून तेव्हापासून प्रयोगशाळांतून खटपट चालू आहे. उंदरांवर थोडंफार यश आलंय, माणसासाठी औषध मात्र अजून नाही. म्हणूनच 'बहिरेपणा मुळासकट बरा करू' अशा जाहिराती दिसल्या की पर्स घट्ट धरा. कानात तेल, लसणाचा रस, पानाचा रस घालणंही सोडा. विशेषतः तान्ह्या बाळांच्या. आमच्याकडे बाळंतिणीला न्हाऊमाखू घालणाऱ्या बायका अजून घालतातच.

एक मात्र लगेच करायचं. रात्री झोपताना ठीक होतं आणि सकाळी एका कानाने ऐकूच येत नाही, असं झालं तर 'मळ साचला असेल, बघू' म्हणत बसू नका. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा. यात औषध चालतं ते पहिल्या काही दिवसांतच. महिना उलटून आलेल्या बाईला डॉक्टर तरी काय देणार?

आता माझं स्वतःचं सांगते. सासूबाईंचे कान तपासले तेव्हा गंमत म्हणून मीही तपासून घेतले, आणि थोडी गंमत उतरली. गेली दोन-तीन वर्षं मला रात्री लांबवर कुकरची शिट्टी वाजल्यासारखं व्हायचं. कितीदा तरी उठून गॅस बघून आले. हे म्हणायचे, तुला गॅसचं वेड लागलंय. डाव्या कानात वरच्या पट्टीतलं थोडं कमी झालंय, निदान आलं. कान जे ऐकवत नाही ते मेंदू आपल्याकडून भरून काढायला जातो, रेडिओचं स्टेशन लागत नसलं की आपण आवाज वाढवतो आणि खरखर वाढते तसं. संशोधकांचा बऱ्याच अंशी असा कयास आहे. या तक्रारीला जुनं नाव आहे, कर्णनाद. सुश्रुतांनी कानाचे अठ्ठावीस रोग सांगितले त्यात ते आहे, बाधिर्यही आहे. बी.ए.ला संस्कृत घेतलं होतं, पण हा उपयोग होईल असं कुणाला वाटलं होतं!

मला धीर आला तो एका जुन्या प्रयोगामुळे. १९५३ मध्ये अमेरिकेत हेलर आणि बर्गमन या दोघांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ऐंशी माणसांना अगदी निःशब्द खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतं ते विचारलं. शंभरात चौऱ्याण्णव जणांना गुणगुण, शिट्टी, भुंग्यासारखं काही ना काही ऐकू आलं! म्हणजे तो आवाज थोडाफार सगळ्यांतच असतो. मेंदूने त्याकडे काणाडोळा केला की संपलं, त्याला धोका मानलं की तो छळतो. हा नाद गोळीने जात नाही. पण निजताना पंखा किंवा हळू रेडिओ लावणं, ऐकू कमी येत असेल तर यंत्र वापरणं, आणि मनाला त्यापासून सोडवायला शिकवणारे समुपदेशन, याने पुष्कळांचा त्रास कमी होतो हे अभ्यासांतून दिसलंय. माझी शिट्टी अजून वाजते. आता मी गॅस बघायला उठत नाही, इतकंच. (एकाच कानात नाद, किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडणारा नाद असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवायलाच हवं.)

कानाचं दुसरं काम आपण सगळेच विसरतो. तोल. आमच्या महिला मंडळातल्या एक वहिनी कूस बदलली की गरगरून पडायच्या. घर फिरतंय, उलटी होतेय, डोळे उघडवत नाहीत. रक्तदाब बघून झाला, मानेला पट्टा बांधून झाला, शक्तीची सलाइनं झाली. मग कुणीतरी सांगितलं, बाहेरचं आहे. अमावस्येला उतारा टाकला. दोन वर्षं! त्या बाईने अंगणात एकटीने यायचं सोडलं. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी त्यांना पलंगावर एकदम आडवं करून डोळ्यांची थरथर बघितली, मग डोकं एका क्रमाने चार वेळा वळवलं आणि उठवून बसवलं. दहा मिनिटं. वहिनी उठून रिक्षापर्यंत चालत गेल्या.

त्या काही मंत्र घालत नव्हत्या की डॉक्टरांच्या हातात जादू नव्हती. आपल्या आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या जागी चुनखडीचे अगदी बारीक खडे असतात. ते सुटून शेजारच्या अर्धवर्तुळाकार नळीत गेले की डोकं हलवताच सगळं जग फिरतं. जॉन एपली या अमेरिकन डॉक्टरांनी हे खडे डोकं वळवून वळवून पुन्हा जागेवर आणायची युक्ती काढली. सुरुवातीला त्यांच्याच सहकाऱ्यांनी विश्वास ठेवला नाही. १९९२ मध्ये त्यांचा लेख छापून आला आणि आज जगभर तीच युक्ती वापरतात. हा त्रास चाळिशी-पन्नाशीनंतर, आणि बायकांत अधिक. ड जीवनसत्त्व कमी असलेल्यांना ते दिल्यावर हा त्रास परत येण्याचं प्रमाण घटलं, असं दक्षिण कोरियात २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. दिवसभर घरात राहणाऱ्या आपण बायका, उन्हात जातो कधी? प्रत्येक चक्कर कानाची नसते हे खरं. बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा वाटला तर तिथून सरळ मोठ्या दवाखान्यातच न्यायचं. 

कानाचा आणि तोलाचा संबंध ज्यांनी नीट उलगडला त्या रॉबर्ट बारानी यांचं मला फार कौतुक वाटतं. व्हिएन्नातले हे डॉक्टर रुग्णांचे कान पाण्याने धुवायचे. कुणी म्हणायचं चक्कर येते, पाणी गार आहे. कोमट केलं तर दुसरा म्हणायचा आता उलट्या बाजूला चक्कर येते. दुसऱ्या कुणी 'बाई नाजूक आहे' म्हणून सोडून दिलं असतं. यांनी तक्रार ऐकून घेतली, आणि त्यातून तोल तपासायची परीक्षा निघाली. १९१४ चं नोबेल मिळालं तेव्हा ते रशियनांच्या युद्धकैदेत होते. आपल्याकडे मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने यांनी चक्करेच्या आजारांवर आणि लहान मुलांच्या कॉक्लिअर इम्प्लांटवर आयुष्यभर काम केलं, २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

कॉक्लिअर इम्प्लांटचा विषय निघाला म्हणून आता बाळांबद्दल. याबद्दल मला जास्त पोटतिडकीने सांगायचंय. हजार जन्मांमागे एक-दोन बाळं तरी ऐकू न येणारी असतात. ते कळतं कधी? दोन-तीन वर्षांचं होऊन बोलेना म्हणजे. तोवर आजी म्हणत असते, 'ह्याचा बापही उशिरा बोलला.' अमेरिकेतल्या कोलोरॅडोतल्या १९९८ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात दिसलं, की ज्यांचं निदान सहा महिन्यांच्या आत होऊन मदत सुरू झाली ती मुलं भाषेत बरीच पुढे गेली. मेंदू भाषा शिकायला जो दरवाजा उघडतो तो फार काळ उघडा ठेवत नाही.

आणि तपासणी किती सोपी! १९७८ मध्ये लंडनच्या डेव्हिड केम्प यांच्या लक्षात आलं की निरोगी कान आवाज नुसता घेत नाही, अगदी हलका आवाज परतही देतो. बाळ झोपलेलं असताना कानात एक छोटी नळी ठेवायची आणि तो परतीचा आवाज मोजायचा. टोचणं नाही, रडणं नाही. मोठ्या दवाखान्यांत ही ओएई तपासणी होते. बाळंतपणाच्या घरी जाताना डॉक्टरांना "बाळाचे कान तपासले का?" एवढा एक प्रश्न विचारा. शंका राहिली तर पुढे बेरा ही तपासणी. मुंबईत वांद्र्याला १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. गरीब घरच्या लहान मुलांना केंद्र सरकारच्या 'ॲडिप' योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांट मिळतं, त्याचं काम तीच संस्था बघते. पण वयाची अट आहे. उशीर झाला की योजनाही हातची जाते. 

आमच्या भागात आणखी एक दुखणं आहे. मामाची मुलगी, आत्याचा मुलगा. कर्नाटकाच्या बाजूला तर मामा-भाचीचंही लग्न होतं. बहिरेपणाची बरीच जनुकं अशी असतात की आई-बाप दोघांकडून आली तरच दिसतात. दोघेही नुसते वाहक, दोघांनाही ठणठणीत ऐकू येतं, पण प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता. एकाच आजोबांचं रक्त दोन्हीकडे असलं की ही गाठ पडण्याची शक्यता वाढते. १९९७ मध्ये कोनेक्झिन-२६ हे यातलं सगळ्यात महत्त्वाचं जनुक सापडलं. मी अशा एका घरी गेले होते. दोन मुलं, दोघंही ऐकू न येणारी, आणि सासू मला सांगत होती, "हिच्या पोटालाच दोष." सून म्हणजे तिच्या सख्ख्या भावाचीच मुलगी! मी कागदावर आजोबांपासूनचं सगळं झाड काढून दाखवलं. सासूबाई गप्प झाल्या. पटलं की नाही माहीत नाही, पण निदान माझ्यासमोर तरी पुन्हा तसं बोलल्या नाहीत.

अशा घरांना सांगण्यासारखी एक बातमी अलीकडे आली आहे. ओटोफर्लिन नावाचं एक जनुक बिघडलेल्या जन्मतः बहिऱ्या सहा मुलांच्या आतल्या कानात शांघायच्या डॉक्टरांनी चांगलं जनुक सोडलं. जानेवारी २०२४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला, सहापैकी पाच मुलांना ऐकू यायला लागलं. हा प्रकार बहिरेपणाच्या सगळ्या प्रकारांत थोडाच आहे, उद्या पंढरपुरात मिळेल असंही नाही. पण मी त्या दोन मुलांच्या आईला सांगितलं तेव्हा तिने पहिल्यांदा मला बसा म्हटलं.

गरोदरपणात झालेल्या रुबेलाने बाळाचे कान जातात, हे तर १९४० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोहीम आली तेव्हा आमच्या मंडळाच्या बायका शाळाशाळांतून गेल्या. "मुलींना टोचून काय करताय?" म्हणून एका पालकाने आमच्यावर आवाज चढवला होता. मी म्हटलं, तुमच्या नातवासाठी टोचतोय.

गोंगाटाबद्दल मी बोलावं की नाही, असा मला नेहमी प्रश्न पडतो. गाव देवाचं. मृदंगाच्या तालावर आम्ही वाढलो. पण मिरवणुकीत भिंतीएवढे स्पीकर रचून ज्या आवाजाने खिडकीची तावदानं थरथरतात तो काही मृदंग नव्हे. मुंबईचे डॉ. यशवंत ओक १९८५ मध्ये याच विषयावर न्यायालयात गेले होते. २००० मध्ये नियम झाले, राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहा ते सकाळी सहा कर्णे बंद म्हणून निकाल दिला. पंचाऐंशी डेसिबलला आठ तास कान टिकतो असं धरलं, तर दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. शंभराला पंधरा मिनिटं! त्या स्पीकरसमोर आपण कडेवर तान्हं मूल घेऊन उभ्या असतो.

परत सासूबाईंकडे येते. यंत्र घ्यायला त्या तयार होईनात. चष्मा लावला की माणूस हुशार दिसतो, कानाला यंत्र लावलं की बहिरा, असं त्यांचं म्हणणं. खोटं तरी कसं म्हणायचं? शेवटी मी त्यांना बातमीतला एक अभ्यास वाचून दाखवला. अमेरिकेत सत्तरी ओलांडलेल्या जवळपास हजार माणसांवर केलेला, २०२३ चा. सगळ्यांचा मिळून तीन वर्षांत फारसा फरक दिसला नाही. पण ज्यांना विस्मरणाचा धोका मुळातच जास्त होता, त्यांच्यात यंत्र आणि मार्गदर्शन मिळालेल्यांची बुद्धीची घसरण जवळजवळ निम्मी राहिली. त्यांच्या थोरल्या बहिणीला शेवटी शेवटी मुलंही ओळखू येत नव्हती. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "कितीला येतं?"

काही हजारांपासून लाखाच्या पुढे किमती आहेत. पहिल्या दिवशी कान दाखवून पाच मिनिटांत यंत्र गळ्यात मारणाऱ्या एका दुकानातून आम्ही उठून आलो. तपासणीच्या आलेखाप्रमाणे यंत्र जुळवून घ्यायला हवं, आणि दोन-तीन वेळा परत जाऊन ते सारखं करून घ्यायला हवं. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी ॲडिप आहे, दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना २०१७ पासूनची राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. राज्यात २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आली तेव्हा पासष्टच्या पुढच्यांना अशा साधनांसाठी तीन हजार रुपये ठरले होते. आमच्या मंडळाने तेव्हा बसून बायकांचे अर्ज भरून दिले. निम्म्या जणींनी श्रवणयंत्राच्या ऐवजी गुडघ्याचा पट्टा मागितला. कानाबद्दल बायका बोलतच नाहीत.

यंत्र लावून सासूबाई घरी आल्या तो दिवस मी विसरणार नाही. स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, "अगं, रोज एवढी भांडी आपटतेस?" मी म्हटलं, आई, गेली अकरा वर्षं आपटतेय! पहिला महिना त्यांना पंख्याचा, पाण्याचा, स्वतःच्या चपलेचाही त्रास झाला. यंत्र डबीत जास्त, कानात कमी. मेंदूला पुन्हा सवय लागायला वेळ लागतो, हे आधी कुणी सांगितलं नसतं तर आम्हीही वैतागून ते कपाटात टाकलं असतं. कार्तिकात त्या काकड्याला गेल्या. टाळ सुरू झाले की यंत्र काढून कमरेच्या पिशवीत ठेवतात, निरूपण सुरू झालं की पुन्हा लावतात. ह्यांनी एक दिवस दुकानातून हाक मारली, "आई, जरा गल्ल्यावर बसतेस का?" पुड्यांच्या गोष्टीबद्दल मायलेक कधी काही बोलले का, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.

आता दर आषाढीच्या आधी आमचं मंडळ जाड पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या तयार करतं. नाव, गाव, दिंडीचा नंबर, घरच्यांचा फोन. आमच्याकडे उतरणाऱ्या वयस्क बायकांच्या गळ्यात माळेसोबत अडकवायच्या. पहिल्या वर्षी मी खाली एक ओळ लिहिली होती, 'यांना ऐकू येत नाही.' सासूबाई शेजारी बसून दोरे ओवत होत्या. त्यांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेऊन वाचली आणि परत माझ्यापुढे टाकली.

"हे खोड. 'समोर येऊन सावकाश बोला' असं लिही."